राहून गेलेलं एरूलिक

आमच्या इमारतीसमोर सामानाचा ट्रक थांबला की हल्ली मी गुडघे सांभाळत जिना उतरते, आणि सोफा अजून ट्रकवरच असताना त्या नव्या माणसांना सांगते की उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. माणसं दचकतात. एका बाईनं तर घाबरून पर्स छातीशी धरली होती. माझा नवरा ओरिनबासार म्हणतो, "रिस्ती, निदान त्यांना श्वास तरी घेऊ दे." वरच्या मजल्यावरची लीदा म्हणते, म्हातारपणी हिला वेड लागलंय. लागलंय तर लागलंय. हे वेड मला कुल्याश लावून गेली.

कुल्याश अल्माटी शहरात एकतीस वर्षं ट्राम चालवायची. ट्राम बंद झाल्या, डबे भंगारात गेले, आणि पेन्शन लागेपर्यंत तिनं बसच्या आगारात झाडलोट केली. नवरा आधीच गेलेला. मुलगा दौरेन याला मोठं घर घ्यायचं होतं, म्हणून तिनं स्वतःची एक खोली विकून पैसे त्याच्या हातात ठेवले, आणि उरलेल्यात कोकसायमध्ये, आमच्या जिन्यात, आमच्या दारासमोरचं घर घेतलं. दोन खोल्या, बाल्कनी, बाल्कनीतून डोंगर. अल्माटीत तेवढ्यात गाडी ठेवायची जागाही आली नसती.

कोकसायचं हे असंच आहे. शिशाची खाण होती तोवर इथं घर मिळायला माणसं नंबर लावायची. मी त्या खाणीच्या खानावळीत सत्तावीस वर्षं रांधलं, एका वेळी चारशे माणसांचं. खाण बंद पडली, पोरंबाळं शहरात गेली, आणि निम्म्या खिडक्यांना पडदे राहिले नाहीत. मग शहरातल्या पेन्शनवाल्यांना शोध लागला की कोकसाय स्वस्त आहे. तो शब्द मला कधीच आवडला नाही. आमचा जन्म इथं गेला, आणि यांना ते स्वस्तात मिळालं.

आता एरूलिकचं सांगते. नवं माणूस राहायला आलं की आधीपासून राहणाऱ्यांनी त्याला जेवायला बोलवायचं, हे एरूलिक. ते झालं की तो माणूस शेजारी. मग त्यानं मीठ मागायला यावं, काही काम न काढता चहाला येऊन बसावं, भांडावंसुद्धा. ते होईपर्यंत तो नुसता समोर राहणारा. आमच्या जिन्यात सहा घरं भरलेली, आणि आमची एक रीत पडून गेली होती: पहिला मान समोरच्या दाराचा, बाकीच्या पाच घरांनी मागून बोलवायचं. समोरच्या दाराला डावलून कुणी आधी बोलावलं, तर तो त्या दाराचा पाणउतारा. म्हणजे कुल्याशच्या बाबतीत आधी मी, मग सगळे.

आणि मी हात आखडता घेतला.

त्यालाही कारण होतं. तिच्या आधी त्याच घरात तीन बिऱ्हाडं येऊन गेली होती. मास्तर आणि मास्तरीणबाई आले. मी दोन दिवस खपून बेशबर्माक, आमचं मांसाचं मानाचं जेवण, केलं, घोड्याचं मांस मुलीकडून मागवलं, जाताना डबा भरून दिला, आणि नोव्हेंबरचं पहिलं बर्फ पडल्याबरोबर दोघं पसार. मग एक चित्रं काढणारा आला, त्याला शांतता हवी होती. चार महिन्यांत त्याचं शांततेनं पोट भरलं. तिसरी एक हिशेबनीस बाई, तिनं तर माझ्याच टेबलावर बसून मला विचारलं की इथं लोक करतात तरी काय. तीन एरूलिक वाया गेली. मी ठरवून टाकलं, यापुढे जो इथला एक हिवाळा काढील त्यालाच माझ्या घरचं ताट. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, फक्त ओरिनबासारला माहीत होतं.

कुल्याश सप्टेंबरच्या शेवटी आली. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर जिरेनियमच्या दोन कुंड्या. मागे अजून वीसेक. मी खिडकीतून बघत होते. धिप्पाड बाई, खांदे पुरुषासारखे, आवाज असा की पलीकडच्या इमारतीतली माणसं बाल्कनीत आली. एकतीस वर्षं चाकांच्या खडखडाटावरून बोलायची सवय, दुसरं काय. ओरिनबासार कुंड्या उचलायला खाली गेला, त्याची छाती खाणीनं खाल्लेली, तरी गेला. मीही दारापर्यंत आले. ती वर आली, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती शांत आहे हो इथं, कान दुखायला लागले."

झालं. माझ्या मनात अढी बसली. म्हटलं, ही चौथी.

ती काय म्हणत होती ते आता मला कळतं. तिला आवाजाची सवय होती आणि ते तिनं सरळ सांगितलं, एवढंच. पण मला ऐकायचं होतं तेच मी ऐकलं.

पहिल्या आठवड्यातच ती कोपऱ्यावरच्या मारझानच्या दुकानात काय बोलली होती, ते मला सहा महिन्यांनी कळलं. पण मी तुम्हाला आताच सांगते, नाहीतर माझा गुन्हा केवढा होता ते ध्यानात यायचं नाही. दौरेनच्या घरात दुसरं मूल येणार होतं, एप्रिलमध्ये. त्यानं आईला सांगून ठेवलं होतं, की तिकडे करमलं नाही तर मार्च संपायच्या आत कळव, नाहीतर आम्ही बाळासाठी बाई ठेवतो. कुल्याशला जायचं नव्हतं. ती मारझानला म्हणाली होती, "तिकडे गेले की मी आजी नसणार गं, दाई असणार. इथं मला एक घर मिळालं पाहिजे, जिथं उगीचच जाऊन बसता येईल. एकच पुरे. मार्चपर्यंत मिळेल ना एखादं?"

मारझान म्हणाली, न मिळायला काय झालं.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी कुल्याशनं दार वाजवलं. हातात कढईतून काढलेल्या सात पोळ्या, गेलेल्या नवऱ्याच्या नावानं तळलेल्या. मी ताटली घेतली, दुवा म्हटली. ताटली रिकामी परत करत नाहीत, म्हणून वर मूठभर सुकं चीज ठेवून परत केली. सगळं रीतसर. फक्त "आत या" म्हटलं नाही. ती उंबऱ्यापलीकडे उभी होती, आणि माझ्या खांद्यावरून तिची नजर एकदाच आतल्या टेबलाकडे गेली, तिथं चहाचं भांडं वाफाळत होतं. मग तिनं ओरिनबासार आगांची तब्येत विचारली आणि समोर आपल्या दारात शिरली. दोन दारांत चार पावलांचं अंतर आहे.

तिनंच आम्हाला आधी का बोलावलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही तेच नाक मुरडून विचारत होते. शहरातली बाई, मिजास बघा, सहा महिन्यांत कुणाला चहाचं विचारलं नाही. पण एरूलिक व्हायच्या आधी तिनं आम्हाला बोलवायचं म्हणजे आम्हाला आमच्या कर्तव्याची आठवण करून देणं, मागून घेणं. ती गावाकडून शहरात गेलेल्या घरातली, जुन्या वळणाची. मेली असती पण मागून घेतलं नसतं. ती माझी वाट बघत होती, मी तिची परीक्षा घेत होते, आणि बाकीची पाच घरं माझ्याकडे बघत होती.

हिवाळा आला. कोकसायचा हिवाळा म्हणजे सकाळी जिन्याचं दार ढकलावं तर ते बर्फानं बाहेरून धरून ठेवलेलं. त्या वर्षी मात्र पहिल्या बर्फापासून दार सहज उघडायला लागलं. दारापासून मारझानच्या दुकानापर्यंत, तिथून बसथांब्यापर्यंत, दोन माणसं शेजारून जातील अशी वाट साफ केलेली असायची, कडा दोरी धरल्यासारख्या सरळ. कुल्याशला पाच वाजता जाग यायची, पहिल्या ट्रामची वेळ. फावडं घेऊन ती खाली उतरायची आणि अख्ख्या इमारतीला रूळ घालून द्यायची. लीदाच्या नातीनं एकदा तिला विचारलं की वाट मध्येच रुंद का केलीस, तर ती म्हणाली, तो थांबा आहे, म्हाताऱ्यांनी तिथं दम खायचा. ओरिनबासार रोज तिथं दम खायचा. मीही त्याच वाटेनं जायचे-यायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, शहरातल्या लोकांना दाखवायची भारी हौस.

जानेवारीत एका सकाळी वाट नव्हती.

मी बूट भरून बर्फ घेऊन परत आले आणि चिडचिड केली. ओरिनबासारनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ती आजारी असेल." मी सूप केलं. चांगलं केलं, मांस घालून. पण न्यायला त्याला पाठवलं. मी स्वतः त्या घरात पाय ठेवला असता तर मला तिला माझ्या घरी बोलवावं लागलं असतं, आणि हिवाळा तर अर्धाच झाला होता. एवढी मी माझ्या शब्दाची पक्की.

तो अर्ध्या तासानं आला आणि टोपी काढून बसला. मग म्हणाला, "तिच्या टेबलावर बारा वाट्या आहेत. चहाच्या, नव्या, निळ्या काठाच्या. अजून कागद काढलेला नाही."

"बरं मग?"

"मी विचारलं, एवढ्या कशाला. म्हणाली, जिन्यात सहा घरं, घरटी दोन माणसं. एरूलिक झालं की तिला उलट जेवण द्यायचंय ना. सप्टेंबरातच घेऊन ठेवल्यात."

मी सुरीनं बटाटे सोलत होते, सोलत राहिले.

"रिस्ती," तो म्हणाला, "तू तिची परीक्षा घेतेस, आणि परीक्षा चाललीय हेच तिला माहीत नाही. ती बिचारी वेगळ्याच गोष्टीची वाट बघत बसलीय."

मी म्हटलं, मार्च लागू दे. थंडी निघाली की देईन, आणि असं देईन की कोकसाय नाव काढील. खरं सांगते, मनातून मी तेव्हाच विरघळले होते. पण चाळीस वर्षं ज्याच्यासमोर आपण कधी माघार घेतली नाही, त्या नवऱ्यासमोर उद्याच बोलावते म्हणणं जिवावर आलं. एवढ्याचसाठी दोन महिने गेले.

नौरूझच्या, नव्या वर्षाच्या सणाला आम्ही मुलीकडे ताल्दीकोरगानला गेलो. दहा दिवसांत परत यायचं होतं. तिथल्या बाजारात मी घोड्याच्या मांसाचं उत्तम सॉसेज निवडून निवडून घेतलं. मुलीनं विचारलं, कुणाचं लग्न आहे का? मी म्हटलं, आमच्या समोरच्या बाईचं एरूलिक आहे. पहिल्यांदाच मी तिला "आमच्या" म्हटलं. येताना पिशवी बसमध्ये मांडीवरच ठेवली. ओरिनबासारला मी वाटेत यादी सांगत होते: मानाच्या जागी कुल्याशला बसवायचं, लीदाला लोणची आणायला सांगायचं, तुम्ही तुमचे ते खाणीतले विनोद सांगायचे नाहीत.

अठ्ठावीस मार्चला दुपारी उतरलो. बर्फ वितळून चिखल झाला होता. मारझानच्या दुकानाच्या खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या मांडलेल्या, वीसेक. मला कळलं नाही असं नाही. तरी मी आत गेले आणि विचारलं, या कुठून आणल्या? मारझाननं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा ती सप्टेंबरातली गोष्ट तिनं मला सांगितली.

"आणि तू हे मला आज सांगतेस?"

"मला काय माहीत आपा, तुम्ही तिला बोलावलंच नाही म्हणून. मला वाटलं तुमचं कधीच झालं असेल. तुम्ही तर कुणालाही सोडत नाही."

मी पिशवीसकट जिना चढले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा समोरचं दार वाजवलं. कुल्याशनं उघडलं. आत खोकी बांधलेली. तिनं काही विचारलं नाही, बाजूला झाली आणि म्हणाली, "या आपा, आत या, वर बसा." खोलीत दोनच खुर्च्या उरल्या होत्या. दारापासून लांबची, मानाची, तिनं मला दिली. खोक्याची दोरी सोडून एक वाटी बाहेर काढली, कागद काढला, धुतली, आणि अर्धी वाटी चहा दिला, पाहुण्याला मान म्हणून देतात तसा. खिडकीच्या कट्ट्यावर पितळेचा एक दांडा होता, हातात धरून धरून चकचकीत झालेला. ट्राम चालवायचा, ड्रायव्हर उतरताना काढून नेतो तो. एवढंच अजून बांधायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "कुल्याश, उद्या आमच्याकडे यायचं. तुझं एरूलिक आहे."

तिनं खोक्याची सुटलेली दोरी हातात घेतली. मग तिचा तो मोठा आवाज मी पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला. "आपा, एरूलिक येणाऱ्याला देतात. मी दौरेनला कळवलं. घराला गिऱ्हाईक मिळालं. परवा सकाळची गाडी आहे."

"मोडून टाक सगळं. गिऱ्हाइकाला मी बघते."

"सूनबाईनं ठेवलेल्या बाईला नको म्हणून सांगितलंय. आता मी कसं फिरवू?" मग ती म्हणाली, "पण जेवायला येते. तुमच्या हातचं सूप मी जानेवारीपासून विसरले नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली. सहाच्या सहा घरं आली. मी तिला मानाच्या जागेवर बसवलं, मांस सगळ्यांत आधी तिच्यापुढे ठेवलं. आणि मग ती बोलायला लागली, आणि आम्हाला कळलं की सहा महिने चार पावलांवर काय होतं. तिनं तिकीट न काढता उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नकला केल्या. ट्राममध्ये बाळंत झालेल्या बाईची गोष्ट सांगितली, थांबे न घेता दवाखान्यापर्यंत कशी नेली ती. लीदा डोळे पुसत हसत होती. ओरिनबासारनं त्याचे खाणीतले विनोद सांगितलेच, आणि कुल्याशबरोबर तोही इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. शेवटच्या दिवसाचंही तिनं सांगितलं. रस्त्यात माणूस नव्हतं, ट्राम बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिनं एकही थांबा चुकवला नाही. दारं उघडायची, वेळ भरेपर्यंत थांबायचं, दारं लावायची. "कुणी धावत येईल असं वाटत होतं," ती म्हणाली, "पण वेळेच्या पुढं थांबता येत नाही ना."

लीदानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून उगाच चहाचं भांडं भरायला गेले. स्वयंपाकघरात मी रडले. हिवाळा तिनं काढला होता, आमच्या सगळ्यांच्या वाटेचं बर्फसुद्धा काढलं होतं, आणि मी अजून कसली परीक्षा घेत होते ते मला आठवेना.

जाताना तिनं घरोघरी दोन-दोन वाट्या दिल्या. म्हणाली, उलट जेवण द्यायचं राहिलं, निदान वाट्या तरी जिथं जायच्या तिथं जाऊ देत.

सकाळी सातची गाडी होती. चिखलातून आम्ही दोघं तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेलो. मी डबा भरून दिला होता. ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच त्याला म्हणाली, "पोरा, ब्रेक घासलेत तुझे, ऐकू येतंय मला." ओरिनबासारनं काचेवर हात ठेवून निरोप घेतला आणि बाजूला जाऊन खोकत उभा राहिला.

विचारू नये हे मला कळत होतं. पण न विचारता परत जिना चढवला नसता. मी खिडकीशी गेले, तिनं काच सरकवली.

"कुल्याश, त्या शुक्रवारी, तू पोळ्या घेऊन आलीस तेव्हा मी नुसतं आत ये म्हटलं असतं तर?"

तिनं माझं मन राखायला खोटं बोलावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली असती की मुलाची ओढ होती, जायचंच होतं, तर मी ते आयुष्यभर खरं मानलं असतं. तिनं हात बाहेर काढून माझ्या रुमालाची गाठ सारखी केली, मी मोठी असून तिनंच.

"राहिले असते, आपा," ती म्हणाली.

मग तिनं काच लावून घेतली, कारण बाहेरची थंडी आत येत होती आणि मागच्या सीटवर कुणाचं तरी लहान मूल झोपलं होतं.